चपलेसकट वजन

संपादकांनी फोनवर सांगितलं, डायलिसिस सेंटरचे अनुभव बाराशे शब्दांत लिहा. मी म्हटलं, बाराशेत माझा नुसता राग बसेल, अनुभव कुठं ठेवू? ते पंधराशेवर आले. मी तीन हजारांवर अडून बसले. शेवटी अडीच हजारांवर सौदा ठरला. त्यांना वाटलं त्यांनी मला खाली ओढलं. माझ्या मनात दोनच हजार होते.

ही सवय मंडईतली आहे. वडील भाजी घेऊन बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून गिऱ्हाइकाशी भांडायचे. पुढं एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागले, फरशी पुसता पुसता नर्सिंगची परीक्षा दिली, नंतर डायलिसिसचं काम शिकले, आणि निवृत्त झाले तेव्हा एका धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस सेंटरची प्रमुख होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मात्र त्या सेंटरच्या दारात आता काचेचं एक कपाट आहे, कपाटात एक चषक आहे, आणि चषकावर 'सर्वोत्तम रुग्णसमाधान' असं कोरलंय. तो चषक माझा आहे. तो त्यांना कसा मिळाला हे सांगण्यासाठीच मी एवढे शब्द मागून घेतले.

ज्यांना त्या सेंटरच्या जिन्याची पायरी चढावी लागली नाही त्यांच्यासाठी आधी काम समजावते. किडन्या बंद पडल्या की दोन गोष्टी अडतात, रक्तातली घाण आणि शरीरातलं पाणी. प्यालेल्या पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. ते आधी पायात साठतं, मग पोटात, मग छातीत. असा माणूस रात्री आडवा झाला की स्वतःच्या अंथरुणात बुडायला लागतो. आमचं मशीन रक्त बाहेर घेतं, गाळतं, जादाचं पाणी काढून घेतं आणि रक्त परत देतं. चार तास लागतात, आठवड्यातून दोन-तीनदा.

पाणी किती काढायचं हे ठरतं वजनकाट्यावर. अंगात जादाचं पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो. ते डॉक्टर ठरवतात. आजच्या वजनातून कोरडं वजन वजा केलं की उरतं ते पाणी. कमी काढलं तर दम लागतो. जास्त काढलं तर पायात गोळे येतात, बीपी खाली जातं, डोळे फिरतात. म्हणजे एवढी महागडी मशिनं, परदेशी फिल्टर, शुद्ध पाण्याचा प्लांट, आणि सगळा कारभार शेवटी एका काट्यावर. मंडईत वाढलेल्या बाईला याहून बरी नोकरी कुठं मिळणार?

डॉक्टर प्रत्येकाला सांगायचे, दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी. आमच्याकडचा माणूस पहिल्या दिवशी विचारायचा, "एका टायमाला?" पुढची घासाघीस माझी. यात एक मोठा प्रश्न असा, की पाणी म्हणजे नेमकं काय. चहा पाण्यात धरायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. दूध हे अन्न. सरबत पाहुण्यांच्या घरी प्यालेलं असेल तर तो मान, त्याला पाणी म्हणत नाहीत. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी बर्फ हा घन पदार्थ असल्यानं हिशेबात येत नाही असं मला फळ्यावर लिहून दाखवायची तयारी केली होती. आणि पांढरा रस्सा तर कुणीच पाण्यात धरत नव्हतं. तो मटणात मोडतो. दोन वाट्या रस्सा ओरपून आलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगायचा, सकाळपासून घोटभर पाणी प्यालेलो नाही, आणि तो खोटं बोलत नसायचा.

मी सगळ्यांशी एकच सौदा करायचे. पाच गिलास मागा, पाच कबूल. पण गिलास मी देणार. आणि माझा गिलास म्हणजे देवापुढं नैवेद्याला ठेवतात तेवढा.

काही गोष्टींत मात्र सौदा नव्हता. सुई लावण्याआधी हात धुणं, प्लांटच्या पाण्याची तपासणी, आणि चार तास. लग्नाचा मुहूर्त आहे, गडहिंग्लजची शेवटची एसटी आहे, अर्धा तास आधी काढा, असं रोज कुणीतरी म्हणायचंच. मी ओरडायचे. माझा आवाज खालच्या मेडिकल दुकानापर्यंत जायचा. दुकानदार सांगायचा, अक्का ओरडल्या की वर सगळं ठीक चाललंय असं समजायचं.

आता हिंदुराव आण्णा. कागलकडच्या एका गावचे जुने पैलवान. किडन्या गेल्या, अंग उतरलं, कानांची मोडलेली पाकळी तेवढी पैलवानाची उरली. पण पायात कापशी चप्पल होती, सात पदरी तळाची, खिळ्यांची, दोन्ही मिळून जवळपास दोन किलोंची. ते जिन्यात असतानाच करर्र करर्र आवाज यायचा आणि आत सगळ्यांचं बीपी थोडं वाढायचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना दारात अडवलं आणि चप्पल बाहेर काढायला सांगितली.

"चारचौघांत ही चप्पल मी दोनच जागी काढतो," आण्णा म्हणाले. "अंबाबाईच्या दारात आन् तालमीच्या मातीत. तुझा दवाखाना ह्यातला कुठला हाय?"

मी म्हटलं, तिसरा. ते खाली जाऊन पायरीवर बसले. पाय सुजलेले, दोन शब्दांमागं धाप, तरी बसले. मी जिन्याच्या कठड्यावरून ओरडले, ते खालून ओरडले. बघ्यांची गर्दी जमली. मग मला दिसलं की हा माणूस पायरीवर मरेल पण अनवाणी वर येणार नाही. अशा गिऱ्हाइकाशी भाव करायचा तर त्याला हवी ती वस्तू देऊन टाकायची आणि आपल्याला हवी ती मागायची. मी खाली गेले. म्हटलं, चप्पल आत येईल, पण पुसून आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधून. बदल्यात दिवसाचं पाणी एका गिलासानं कमी.

आण्णांनी बराच विचार केला. "कुठला गिलास? तुझा का माझा?"

"तुमचा."

त्यांचा गिलास म्हणजे तांब्याचा धाकटा भाऊ. तरी त्यांनी तालमीच्या मातीची शपथ घेतली आणि पाळली. महिन्याभरात सूज उतरली. डॉक्टर म्हणाले गोळी लागू पडली. मी म्हटलं, होय.

तेव्हापासून आण्णा पिशव्या बांधलेल्या चपलेसकट काट्यावर उभे राहायचे, चपलेसकट खुर्चीवर आडवे व्हायचे, आणि चार तास ते दोन पाय खुर्चीच्या टोकाला विक्रीला मांडल्यासारखे दिसायचे. आधीचं वजन चपलेसकट, नंतरचं चपलेसकट, त्यामुळं फरक बरोबर यायचा. डॉक्टरांनी आण्णांचे घोटे दाबून, छाती ऐकून कोरडं वजन ठरवलं बहात्तर. काट्यावर तेव्हा जो आकडा होता तो. त्या बहात्तरात सत्तर आण्णा होते आणि दोन चप्पल. हे मला माहीत होतं, आमचा टेक्निशियन समीर याला माहीत होतं आणि आण्णांना माहीत होतं. आमच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मग संस्थेनं क्वालिटी मॅनेजर नेमला. नाव केतन. पुण्याहून शिकून आलेला, गोरटेला, कधीही आवाज न चढवणारा. ज्याच्यावर रागवायला जागाच सापडत नाही असा माणूस मला फार राग आणतो. तो आल्या आल्या म्हणाला, मॅडम, आपल्याला केअरचा दर्जा वाढवायचाय. मी म्हटलं वाढवा. दुसऱ्या आठवड्यात त्यानं रुग्णांच्या समोरच्या भिंतीवर धबधब्याचं भिंतभर चित्र लावलं आणि त्याच्याखाली माशांची काचेची टाकी ठेवली. मन शांत होतं म्हणे.

कल्पना करा. दिवसभर माझ्या इवल्याशा पाच गिलासांवर काढणारी माणसं, जीभ टाळूला चिकटलेली, आणि समोर चार तास धबधबा. टाकीतून बुडबुड्यांचा आवाज. गडहिंग्लजकडच्या गंगव्वा म्हणून एक आजी होत्या, हाडांचा सापळा आणि वर नऊवारी. त्या माशांकडं बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "नशीब बघ एकेकाचं. दिवसभर प्यायलंय, आन् कोण वजन करंना झालंय." त्या आठवड्यात सगळ्यांचीच वजनं वाढली.

मी केतनच्या खोलीत जाऊन ओरडले. तो शांतपणे म्हणाला, आपण मधला मार्ग काढू. म्हणजे सौदा. मासे आणि धबधबा खाली स्वागतकक्षात न्यायचे, आणि त्याबदल्यात दारात त्याचं नवं यंत्र लावायला मी हरकत घ्यायची नाही. यंत्र म्हणजे भिंतीवरची एक पेटी, तिला चार कळा, प्रत्येक कळेवर एक तोंड. खूप हसणारं हिरवं, थोडं हसणारं, सरळ ओठांचं, आणि रागावलेलं लाल. रुग्णानं जाताना सेवा कशी वाटली ते दाबायचं. मी पटकन हो म्हटलं. आयुष्यातला माझा एवढाच एक आतबट्ट्याचा सौदा.

महिन्यानं केतननं अहवाल आणला. आमचे रुग्ण अत्यंत असमाधानी होते. सगळ्या कळांत लाल कळ सर्वांत जास्त दाबलेली. माझं डोकं फिरलं. या माणसांच्या नसा मी सांभाळल्या, यांच्या घरच्यांना फोन करून मीठ मोजायला लावलं, आणि हे जाताना मला रागावलेलं तोंड दाखवतात? मी दारामागं उभी राहिले. बहुतेक जण कळा न दाबताच भिंत धरत निघून जात होते. आणि बाकावर एसटीच्या वेळेची वाट बघत बसलेल्या गंगव्वा एक हात वर करून लाल कळ दाबत होत्या. थांबत होत्या, पुन्हा दाबत होत्या.

मी विचारलं, "गंगव्वा, मी तुमचं काय वाईट केलं?"

"वाईट कुठं गं?" त्या म्हणाल्या. "ते तोंड बघ की. कपाळाला आठी, व्हट खाली. सुई लावताना तू अश्शीच दिसतीस. तुझ्या नावानं दाबतोय मी, यव्वा. यष्टीला टाइम असतोय, तवर दाबत बसतो."

"आणि हे हसणारं?"

"ते कोण हाय मला काय ठावं? आपल्यातलं न्हाई ते."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. हिरवं दाबलं तर माझं भलं होईल म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. परक्या माणसाचं तोंड दाबून माझं भलं कसं होईल? मी केतनला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, डेटा आपल्याला बदलता येत नाही.

याच सुमारास तपासणी जाहीर झाली. बाहेरून डॉक्टर येणार, सेंटरचा दर्जा ठरवणार. केतननं मला बसवून खरं काय ते सांगितलं. निकाल चांगला आला तर सेंटर संस्थेकडंच राहील आणि निवृत्तीच्या वयानंतर मला मिळालेली मुदतवाढ चालू राहील. नाही आला तर सेंटर एका कंपनीला चालवायला देणार, आणि मी घरी. कंपनीचं काम मी एका ठिकाणी पाहिलं होतं. मशीन रिकामं राहता कामा नये, म्हणून चार तास पुरे झाल्यावर माणसाला बसून दोन श्वास घ्यायचीही सवड नसते. मी ठरवलं, पास व्हायचं.

मग शाळा भरली. केतन रोज मशीनवरच्या रुग्णांची उजळणी घ्यायचा. रुग्णाचे हक्क कोणते? सगळे सुरात म्हणायचे, माहितीचा हक्क, सन्मानाचा हक्क, तक्रारीचा हक्क. मुख्याध्यापक हात वर करून उत्तर द्यायचे. आग लागली तर काय कराल, याला आण्णांनी उत्तर दिलं, "पळणार." केतन म्हणाला, अंगाला नळ्या लावलेल्या असतील. आण्णा म्हणाले, "नळ्या घिऊन पळणार." गंगव्वांचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं: अक्काला हाक मारणार. शेवटी केतननं सगळं सोपं केलं. काहीही विचारलं तरी म्हणायचं, काही त्रास नाही, समाधानी आहे. एवढं मात्र सगळ्यांचं पक्कं पाठ झालं.

तपासणीच्या दिवशी एकाही रुग्णाच्या पायात काही दिसता कामा नये, असा केतनचा हुकूम होता. जिन्याखाली त्यानं चपलांसाठी नवीन लाकडी मांडणी करून घेतली होती. आण्णांचं काय, एवढाच प्रश्न उरला. करर्र करर्र ऐकू आलं तशी मी खाली धावले. अर्धा गिलास परत द्यायची मनाची तयारी केली होती. फारच ताणलं तर पाऊण.

आण्णा पायरीशी थांबले, वाकले आणि त्यांनी चप्पल काढली.

"बदल्यात काय?" मी विचारलं.

"काय नको. आज तुझी कुस्ती हाय."

मला कुणी काही फुकट दिलं की मी सावध होते. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं आणि सावध व्हायचं राहून गेलं.

आण्णा अनवाणी वर आले. इतक्या गडबडीत आले की काट्यावर उभे राहताना एकदाही कुणाकडं बघितलं नाही. समीरनं आकडा वाचला. बहात्तर. बरोबर कोरडं वजन, म्हणजे मधल्या दिवसांत थेंबभरही पाणी वाढलेलं नाही. असं आमच्याकडं कधी घडलं नव्हतं. समीरनं मशीन लावलं, पाणी जवळजवळ शून्य काढायचं ठेवलं. केतननं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, मुख्याध्यापकांनी जरा नाराजीनं वाजवल्या. केतननं आण्णांचा फोटो काढला आणि आदर्श रुग्ण म्हणून फलकावर लावायचं ठरवलं. आण्णा कुस्ती मारल्यासारखा हात वर करून बसले.

तपासणीला आलेल्या बाई मध्यमवयीन, शांत, कमी बोलणाऱ्या. पाण्याचा प्लांट बघितला, हात धुणं बघितलं, गंगव्वांना आगीबद्दल विचारलं. गंगव्वा म्हणाल्या, अक्काला हाक मारणार. बाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, पादत्राणांची व्यवस्था दाखवा. आम्ही खाली गेलो. नव्या मांडणीत चपला ओळीनं लावलेल्या. बाई वाकून म्हणाल्या, "ही मधली फळी खचली आहे का?"

फळी खचलेली नव्हती. आण्णांच्या चपलेनं तिला बाक आला होता.

मी त्या फळीकडं बघितलं आणि मनात वजाबाकी केली. बहात्तरात दोन किलो चप्पल होती. चप्पल इथं होती. मग वर काट्यावर बहात्तर कशाचे?

मी दोन्ही चपला काखेत मारल्या आणि जिना चढले. त्या वयात तसा जिना मी पुन्हा चढले नाही. बाई माझ्या मागून. वर आण्णा खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. ओठ काळसर, कपाळावर घाम, मान श्वासागणिक वर-खाली. आणि केतन त्यांच्यासमोर कागद धरून, मृदू आवाजात विचारत होता, सेवेबद्दल काय सांगाल?

"समा… धानी," आण्णा म्हणाले. "काय… तरास न्हाय, पावणं."

मी चपला काट्यावर आपटल्या. काट्यानं दोन किलोला जरा कमी दाखवलं. समीर एका नजरेत समजला. खुर्चीची पाठ सरळ केली, डॉक्टरांना बोलावलं, पाणी ओढायला सुरुवात केली. ते होईपर्यंत मी समीरवर ओरडले, केतनवर ओरडले, आण्णांच्या सात पिढ्यांवर ओरडले. बाई मध्ये उभ्या होत्या, त्यांना म्हटलं, उभंच राहायचं तर हा ऑक्सिजनचा मास्क धरा. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि मास्क धरला. चांगला धरला.

तासाभरानं आण्णांच्या ओठांवर रंग आला. बाईंनीच विचारलं, दम लागत होता तर सांगितलं का नाही?

आण्णा म्हणाले, "काल गावात जत्रा हुती. रस्सा प्यालतो. सकाळी काट्यावर बघतोय तर वजन वाढल्यालंच न्हाय. म्हटलं, अंबाबाईनं एकडाव माफ केलं." मग माझ्याकडं बोट करून, "आन् तरास हाय म्हटलं असतं तर ही नापास झाली असती."

मी त्यांना काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

निकाल आला तेव्हा त्यात माझ्याबद्दल बरंच होतं. संकटकाळातली तत्परता उत्तम. पादत्राणे वजनकाट्यावर ठेवली, गंभीर त्रुटी. कोरड्या वजनात पादत्राणांचा समावेश, अतिगंभीर. प्रमुखांची भाषा, सुधारणेस वाव. बाईंनी जे पाहिलं ते लिहिलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढं होऊन आम्ही काठावर पास होतो. मग त्यात रुग्णसमाधानाचे गुण मिळवले गेले, केतनच्या पेटीतून आलेले, आणि आम्ही नापास झालो. मला बुडवलं ते चपलेनं नाही. गंगव्वांच्या मायेनं बुडवलं.

सेंटर कंपनीकडं गेलं. मला शाल दिली, आणि केतननं आठवण म्हणून धबधब्याचं चित्र फ्रेम करून दिलं. एवढं मोठं चित्र रिक्षात बसेना, म्हणून समीरनं टेम्पो आणला.

सहा-सात महिने मी तिकडं फिरकले नाही. मग समीरच्या मुलीच्या बारशाचे पेढे घ्यायला गेले, तेव्हा दारात ते काचेचं कपाट आणि तो चषक दिसला. नव्या प्रमुख म्हणून एक तरुण मुलगी होती, गोड, सगळ्यांशी हसून बोलणारी. बाकावर गंगव्वा बसल्या होत्या आणि एक हात वर करून हिरवी कळ दाबत होत्या.

मी म्हटलं, बरं वाटतंय होय आता?

"कुठलं बरं? सुई दोनदोनदा टोचत्यात," गंगव्वा म्हणाल्या. "पर लाल तोंड तुझं. तू न्हाईस तर कुणाच्या नावानं दाबू? ही पोर कायम हसत असती, म्हणून आता हिच्या नावानं दाबतोय."

असा तो चषक मिळाला.

समीरनं बाजूला घेऊन सांगितलं की आण्णांचं वजन आता अनवाणी होतं आणि कोरडं वजन सत्तर लावलंय. हे बरोबरच झालं. ते मीच फार आधी करायला हवं होतं, हे मात्र संपादकांनी आणखी शब्द दिले तरी मी लिहिणार नाही.

निघताना जिन्याच्या तळाशी आण्णा भेटले. पाय उघडे. बघितल्या बघितल्या म्हणाले, "बरी गावलीस. चप्पल गेली. आता माझा गिलास परत दे."

मला आधी कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. सौदा दोघांचा होता. चप्पल आत येणार आणि त्याबदल्यात गिलास कमी. आता चप्पल बाहेर राहते, म्हणजे सौदा मोडला. त्यांनी इतके दिवस वाट बघितली, पण मी आले नाही म्हणून परवापासून गिलास प्यायला सुरुवात केली होती. यात त्यांना काहीच गैर वाटत नव्हतं, आणि व्यवहार म्हणून बघितलं तर ते खरंच होतं. मी वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. तो भरून येईना.

आयुष्यात पहिल्यांदा मी हात रिकामे घेऊन भाव करायला उभी होते. सेंटर माझं नव्हतं, काटा माझा नव्हता. नव्या मुलीनं त्यांना समजावलं होतं, डॉक्टरांनी समजावलं होतं, ते सगळ्यांना समाधानी आहे म्हणून सांगत होते. आणि त्या गिलासानं त्यांची छाती पुन्हा भरायला वेळ लागणार नव्हता.

माझ्या घरची फरशी कोल्हापुरात प्रसिद्ध आहे. गॅसवाला टाकी दारात ठेवून जातो. जावई लग्नापासून अनवाणी आत येतो. खुद्द डॉक्टर एकदा बूट घालून उंबऱ्यापर्यंत आले होते, तिथूनच मागं फिरले.

"माझ्या घरी यायचं," मी म्हटलं. "चपलेसकट. सोफ्यापर्यंत."

आण्णांनी डोळे बारीक केले. "पिशवी बांधून?"

"पिशवी नाही."

"देवघरापत्तुर?"

"स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. देवघर नाही."

"कितीदा?"

"दर रविवारी. आणि गिलास परत मागायचा नाही."

"कुठला गिलास?" त्यांनी खात्री करून घेतली. "तुझा का माझा?"

"तुमचा."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी माझ्या पांढऱ्या फरशीवर करर्र करर्र येतं. आण्णा सोफ्यावर बसतात, पाय समोर पसरतात, मी अंगठा दाबून घोटे बघते. शेजारणी कुजबुजतात. त्यांना चपलेचं काही वाटत नाही, पण आलेल्या पाहुण्याला ही बाई पाण्याचं विचारत नाही, चहाचं विचारत नाही, हे काय म्हणे माणुसकीत बसतं? धबधबा मी माळ्यावर पालथा टाकलाय.

तासाभरानं आण्णा उठतात. दारात थांबून, मागं वळून, दर वेळी एकदा विचारतात, "मग? पाणी इचारणार न्हाईस?"

मी कपाळाला आठी घालून त्यांच्याकडं बघते. ते समाधानी होऊन जातात.